आभाळातले पावणेतीनशे कोस अन् जमिनीवरले सात

...नाही, मले नका सांगू तुमी घंटे अन् मिनिटं! कवाची आइकून राह्यली मी, ह्या ओट्यावर बसून पेपर काय वाचून राह्यले, अमकं शहर ते तमकं शहर आभाळातून इतके मैल, इतके घंटे, मुंबईहून विलायत म्हणे दीड दिसात... जसे काही ह्याइचे सासरे तिथं मांडव टाकून वाट पाहून राह्यले! अरे बापा, शहरापासून शहर आभाळातून किती दूर हाय हे मोजाले काय लागते? आभाळात काय नाला आडवा येते? पायात काटा मोडते? बैल बसते का मधातच? उतरल्यावर पुढं काय, ते सांगा मले. पेपरात ते लिहित नाहीत. तुमाले सांगते, आभाळातले पावणेतीनशे कोस सोपे. जमिनीवरले सात कोस सांगा!

खोटं वाटते? मंग आइका, पण मधात बोलू नका, माहा धागा तुटते.

एक होतं गाव, म्हणजे हेच आपलं, जऊळक्याच्या ठेसनापासून सात कोस. त्यात राहे उकंडराव, उकंडरावाची बायको सोजरबाई, अन् त्या दोघाइचा एकच एक लेक जगदेव. चौथं त्या घरात पखालीचं पाणी वाहणारा एक हेला होता, म्हणजे रेडा, काळाकुट्ट, डोंगरावानी. त्याचं काम पुढं हाय, आता त्याले गोठ्यातच राहू द्या.

तं लढाईचं साल. जगदेव गेला होता कराचीले, तिथं लष्कराच्या उडत्या इमानाचे इस्क्रू पिळाले. इकडं त्याची सोयरीक जुळली होती इंझोरीच्या जानरावाच्या विजयमालासंग. पोरगी गव्हाळ, बोलणं मोजकं, पण बोलली का खिळा ठोकल्यावानी. साखरपुडा झाला, हळद दळून ठेवली, मीच दळली, हे हात पाहा, दोन वर्सं पिवळे होते म्हणा ना. अन् त्यातच पुढं आला सिंहस्थ! सिंहस्थ लागला का तेरा महिने वाजंत्री बंद, हे तं तुमाले ठाऊक. जोशीबुवानं पंचांग उलटंपालटं करून जेठातले दोन मुहूर्त काढले, एक गुरुवारची गोरज, अन् एक तीन दिसानं रविवारी. त्याच्यापुढं काही नाही.

आता तुमी म्हणाल, मंग रविवार होताच की. होता! पण जगदेवले सुटीवरून शनिवारीच परत निघणं होतं. अन् रविवार कोणाच्या नावानं ठेवला होता सांगू? मानोऱ्याच्या एका बिजवराच्या! जानराव मोठा हिशोबी माणूस, घरात दोन कंदील ठेवे, एक विझला तं दुसरा असावा म्हणून. त्यानं साफ सांगून टाकलं, "इवाई, मी पोरगी घेऊन तुमच्या दारी येतो. पण गुरुवारची गोरज चुकली, तं पोरगी दमणीत बसवीन अन् परत नेईन." बिजवराले तीन लेकरं, अन् खोकला असा का मानोऱ्यात खोकलला तं म्हैस दूध चोरे. सोजरबाईनं त्याच दिशी लेकाले पत्र धाडलं. विजयमालाच्या मनात काय आलं ते कोणी विचारलं नाही, पोरीले विचारते कोण?

मंग आलं जगदेवचं पत्र. टपालवाल्यानं ओट्यावर बसून वाचलं, सारं गाव गोळा. काय लिहिलं होतं, ते मले अजून तोंडपाठ हाय. साहेबानं मेहेरबानी केली, बुधवारी सकाळी सात वाजता कराचीहून टपालाच्या इमानात बसतो, पावणेतीनशे कोस हाय, साडेचार घंट्यात मुंबईले उतरतो. तिथून रातच्या रेल्वेनं अकोला, अकोल्यावरून लहान गाडीनं गुरुवारी सकाळी अकरा वाजता जऊळका. दमणी पाठवा, सोबत पेटी हाय.

साफ होतं की नाही? आंधळ्याले दिसन इतकं साफ. पण उकंडरावाच्या कानात पावणेतीनशे कोस अन् साडेचार घंटे इतकंच शिरलं, बाकीचं दारातूनच परत गेलं. त्यानं टपालवाल्याकून तेवढी वळ तीनदा वाचून घेतली. मंग साऱ्या गावाले विचारत फिरला. म्हणे, साडेचार घंटे म्हणजे किती रे? कोणी म्हणे, सकाळची न्याहारी करून वखर जुंपला अन् दुपारी सोडला, तेवढे. उकंडराव म्हणे, म्हणजे मी साडेचार घंटे वखरून वावराच्या ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जातो, अन् माहा लेक तेवढ्यात पावणेतीनशे कोस! छाती अशी फुगली का बाराबंदीचा बंद तुटला, सोजरबाईनं तिथंच टाचून देला.

इथपर्यंत ठीक होतं. लेकाचं कौतुक कोणाले नसते? पण मंग त्याचं डोस्कं चालाले लागलं, अन् आमच्या गावात माणसाचं डोस्कं चालाले लागलं का बैल थरथरतात.

त्या सालात रोज दुपारी एक इमान आपल्या गावावरून जाये. उगवतीकडं, नागपूरच्या आंगानं. माशीएवढं दिसे, गुणगुण करत जाये. उकंडराव म्हणे, कराची मावळतीकडं, मुंबई मावळतीकडं, अन् इमान तिकडूनच येते. म्हणजे जगदेव आपल्या डोस्क्यावरूनच जाणार. मंग तो मुंबईले कायले उतरन? रेल्वेत धक्के कायले खाईन? आपल्या वावरातच उतरन की!

सोजरबाई म्हणे, "पत्रात तं ठेसन लिहिलं हाय."

"पोरगं हाय ते. लाजलं असन इमानवाल्याले सांगाले. आपण सांगू."

"कसं सांगाल? तो वर, तुमी खाली."

आता हे आइका. उकंडरावानं बायकोकडं असं पाह्यलं का जसं तिनं भाकर गोल काहून असते विचारलं. म्हणे, वाशीमची सर्व्हिस मोटार वावराजवळ हात दाखवला का थांबते का नाही? थांबते. बाजाराची गाडी थांबते? थांबते. कलेक्टरसाहेबाचा घोडा एकडाव आपल्या आंब्याखाली थांबला होता, पाणी पेला होता. "मंग इमानवाला काय माह्या बापाचा वैरी हाय? हात दाखवला का थांबन."

अन् तुमाले खरं सांगू? साऱ्या गावाले ते पटलं! मलेही पटलं, कायले खोटं बोलू? आपल्या मुलखात हात दाखवला अन् थांबलं नाही असं काही पाह्यलंच नव्हतं कोणी. मरण तेवढं थांबत नाही, पण त्याले आपण हात दाखवत नाही.

झालं, लागलं सारं गाव कामाले. इमानाले उतराले जागा पायजे. उकंडरावाचं नाल्याकाठचं चार एकराचं वावर, मिरगाच्या तोंडावर वखरून लोण्यावानी केलेलं, पेरणीची वाट पाहून राह्यलेलं... ते वावर त्या माणसानं दाबून सपाट केलं! बाभळीचे ओंडके बांधले, त्याले बैल जुंपले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत इकडून तिकडं, तिकडून इकडं. गावातली एकूण एक बैलजोडी तिथं. जमीन अशी घट्ट झाली का टाच मारली तं ठण्ण वाजे. मंग कोणीतरी म्हणलं, धूळ उडाली तं इमानवाल्याच्या डोळ्यात जाईन. मंग काय करावं? सारवा!

चार एकर सारवलं. आइकलं का कवा? चुलीपुढं चार हात सारवताना कंबर धरते, अन् आमी बाया चार एकर सारवून राह्यलो! शेण पुरे ना. गावच्या गाई हैराण. खेमा गुराख्याच्या तांड्यातून टोपल्यानं शेण आणलं, अन् खेमाची बायको गोमतीबाई प्रत्येक टोपल्यामागं हसे. म्हणे, आमी तांड्याच्या बाया सारा मुलूख फिरलो, पण आभाळाले पाट मांडून बसणारं गाव हेच पाह्यलं.

बरं, एवढ्यावर थांबावं का नाही? इमान घसरून नाल्यात गेलं तं? म्हणून दोन्ही आंगानं गाड्या उभ्या केल्या, चाकाले चाक लावून, गावातल्या साऱ्या बावीस गाड्या. बुधवारी सकाळी इंझोरीहून जानराव पोरीले घेऊन आला तीन दमण्यात, तं उकंडरावानं मानानं त्या दमण्याही त्याच रांगेत उभ्या केल्या! अन् जानराव? तो हिशोबी माणूस? जावई आभाळातून उतरणार म्हणलं का त्याचाही हिशोब गेला वाऱ्यावर. खुर्ची मागवून समोर बसला, मिशीले तूप लावून.

सोजरबाई एकटी सांगत फिरे, अहो, पत्रात ठेसन हाय, गुरुवार हाय, अकरा वाजता हाय. कोणी आइके ना. घरात लग्न असलं का नवरदेवाच्या मायचं बोलणं म्हणजे पाटा-वरवंट्याचा आवाज, चालूच असते, कोणी मान वर करून पाहत नाही.

बुधवारी दुपारी आलं इमान. आधी गुणगुण. मंग माशी. उकंडराव पागोटं बांधून गाडीवर चढला, हात वर केला. वाजंत्री सुरू. पोट्टे वरडू लागले. इमान आलं, बरोब्बर वावरावर आलं... अन् गेलं. तसंच, गुणगुण करत, नागपूरकडं.

सारे उकंडरावाकडं पाह्यतात. त्याचा हात वरच. म्हणे, एवढ्या जोरात आलेली गाडी जाग्यावर थांबते काय? पुढं जाऊन वळन. संध्याकाळपर्यंत वळणाची वाट पाह्यली. मंग म्हणे, आज त्यानं जागा हेरून ठेवली, उद्या उतरन. अन् हात लहान दिसला असन, उद्या झेंडा पायजे. झेंडा कायचा? सोजरबाईचं हळदीसाठी घेतलेलं लाल लुगडं बांबूले बांधलं! ती बाई काही बोलली नाही. तवाच समजाले पायजे होतं, बाई बोलणं सोडते तवा ती काहीतरी करणार असते.

तिकडं आभाळातलं काम तं कवाच झालं होतं हो! जगदेव सातले कराचीहून उडाला अन् साडेअकराले मुंबईत, घड्याळ लावून. पावणेतीनशे कोस, एका पानाच्या विड्यात. तुमाले म्हणलं ना, आभाळातले पावणेतीनशे कोस सोपे. जमिनीवरले सात कोस सांगा!

गुरुवारी फटफटलं अन् सोजरबाई नवऱ्यासमोर उभी राह्यली. "एक गाडी द्या. एकच. ठेसनावर पाठवते."

उकंडराव म्हणे, रांगेतून गाडी काढली तं तिथं खिंडार पडते, अन् इमान नेमकं तिथून नाल्यात जाईन. अन् आभाळातून येणाऱ्या पोराले ठेसनावर गाडी पाठवली तं गाव काय म्हणन? जानराव काय म्हणन? मी काय इमानावर भरोसा नसलेला माणूस हाय?

सोजरबाई वळली अन् सरळ खेमाकडं गेली. खेमा गावच्या गाई राखे. त्याले म्हणे, बापा, जऊळक्याले जाय, माहा लेक आण. गाई आजच्या दिस गोमती पाहीन. खेमा डोस्कं खाजवून म्हणे, बाई, गाडी नाही, बैल सारे वावरात गाड्याइले बांधले, घोडं तं गावात कवाच नव्हतं. कायवर आणू?

दोघंही गोठ्याकडं पाहू लागले. मी म्हणलं होतं ना, त्याचं काम पुढं हाय?

"हेल्यावर?" सोजरबाई म्हणे. "नवरदेव?"

"नवरदेव नाही बसला तं पेटी बसन," खेमा म्हणे. "दोघाइतलं एक तरी मांडवात येईन."

पखाल उतरवली, पाठीवर गोधडी टाकली अन् निघाला खेमा. आता हेल्याची चाल तुमाले ठाऊक नसन तं सांगते. हेला चालत नाही. हेला उभा राह्यते, अन् जमीन हळूहळू त्याच्याखालून मांगं जाते.

ठेसनावर लहान गाडी घंटाभर उशिरा आली. जगदेव उतरला खाकी कपड्यात, पायात नवे बूट, हातात पत्र्याची पेटी. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. दमणी नाही, बाप नाही, काका नाही. एक खेमा अन् एक हेला. हे मले खेमानंच सांगतलं, तो खोटं बोलत नाही, मीठ तेवढं लावते.

"खेमाभाऊ, गाड्या कुठं हायेत?"

"तुमचीच वाट पाहून राह्यल्या, दादा. बावीस गाड्या अन् तीन दमण्या."

"कुठं?"

"तुमच्या वावरात. आभाळाकडं तोंड करून."

जगदेवनं सारं आइकलं. पोरगं हसावं का रडावं ह्या धुऱ्यावर उभं. मंग पेटी ठेवली हेल्यावर अन् चालाले लागला पाई. एक कोस झाला. दुसऱ्या कोसात बुटानं टाच सोलली. तिसऱ्या कोसात बूट हेल्याच्या शिंगाले, अन् जगदेव हेल्याच्या पाठीवर, जेठाचं ऊन डोस्क्यावर. काल सकाळी जो माणूस ढगाच्या वर होता, तो आज यमाच्या वाहनावर! खेमा म्हणे, दादा, मान खाली घाला, लोक पाहून राम राम म्हणतात का रामनाम घेतात समजून नाही राह्यलं.

अन् पाचव्या कोसाले नदी आली. नदी म्हणजे काय, वाळूच. पण एक डोह होता, कमरेएवढा. हेल्यानं डोह पाह्यला. आता उन्हातला हेला अन् पाण्याचा डोह, त्याच्या मधात ब्रह्मदेव आला तरी काय करन? गेला, अन् बसला! नवरदेवासकट, पेटीसकट, गोधडीसकट. वर फक्त दोन शिंगं, दोन नाकपुड्या, दोन बूट, अन् जगदेव छातीपर्यंत. खेमानं शेपूट पिळलं, जगदेवनं कान ओढले, लष्करातल्या शिव्या देल्या, हिंदीत देल्या, इंग्रजीत देल्या. हेला डोळे मिटून बसला जसा तपाले बसला. दीड घंटा! जगदेव घड्याळाकडं पाहे अन् म्हणे, "खेमाभाऊ, इतक्या वेळात मी नव्वद कोस गेलो होतो काल." खेमा म्हणे, "मंग त्याच इमानाले घेऊन याचं होतं पाणी पाजाले."

हसू नका. इकडं गावात काय झालं ते आइका, म्हणजे हसू जाईन.

दुपारचं इमान आलं. उकंडरावानं बांबू हालवला, लाल लुगडं फडफडलं, वाजंत्री वाजली, आमी बाया ताटात कुंकू घेऊन उभ्या. इमान आलं... अन् गेलं. ह्या डाव कोणी वरडलं नाही. जानराव खुर्चीवरून उठला. मिशीवरचं तूप घामानं गळून राह्यलं होतं.

"इवाई, तुमचं इमान गेलं. आता आमची दमणी सोडा."

उकंडराव म्हणे, वळन. जानराव म्हणे, सिंहस्थही वळन, तेरा महिन्यानं. अन् दमणीकडं निघाला. तवा सोजरबाई आडवी आली. सारं सांगतलं, ठेसन, खेमा, हेला. हेल्याचं नाव आइकून जानरावाचा चेहरा असा झाला का जशी कढी नासली. म्हणे, ठीक, गोरजेपर्यंत थांबतो, त्याच्यापुढं पापणी लवेपर्यंत नाही. मानोरा वाटेतच हाय. अन् खरंच, दमणी रांगेतून काढून मांडवापुढं आणून उभी केली, बैलसुद्धा जुंपले. पाह्यलं? लागली तवा निघाली का नाही गाडी रांगेतून!

ऊन कललं. मांडवात अंतरपाट घेऊन दोघं उभे, अक्षता वाटल्या, नवरी पाटावर बसली. नवरदेव नाही. उकंडराव तिकडं वावरातच, बांबू धरून, वळणाची वाट पाहत. सोजरबाई वेशीवर गेली, रस्ता पाह्यला, रिकामा. सूर्य असा झाडाइच्या शेंड्याले आला.

अन् मंग ती पळाली. पन्नाशीची बाई, नऊवारी खोचून, नाल्याकडं पळाली, जिथं गोमतीबाई गाई घेऊन परत येत होती. म्हणे, "गोमते, गाई थांबव. हेला दिसेपर्यंत एक गाय नाल्याच्या ह्या आंगानं येऊ देऊ नको."

गोमती म्हणे, "बाई, वासरं घरी हायेत, गाई हंबरून राह्यल्या. थांबतात काय?"

"माहंही वासरूच येऊन राह्यलं, गोमते."

गोमतीनं काठी आडवी धरली.

इकडं मांडवात जोशीबुवा उठले. म्हणे, सूर्य गेला, वेळ सरत आली. सोजरबाई धापा टाकत आली अन् म्हणे, महाराज, गाई कुठं हायेत? जोशीबुवा म्हणे, गाईचं काय? पंचांग हाय. आता इथं एक गोष्ट सांगाले पायजे. जोशीबुवाचं घटिकापात्र तीन वर्सापासून चिरलेलं, टाकलं का लगेच बुडे. तीन वर्सं गावातली सारी लग्नं त्या माणसानं गाईकडं पाहूनच लावली होती. गाई वेशीत आल्या, धूळ उडाली, का ‘सावधान’. साऱ्या गावाले ठाऊक, पण बोले कोणी ना.

सोजरबाई म्हणे, "महाराज, माह्या पुतणीचं लग्न गाई आल्यावर लागलं. पाटलाच्या पोराचं गाई आल्यावर लागलं. तुमच्या सोताच्या लेकीचं गाई आल्यावर लागलं. ते सारे मुहूर्त चुकले असतील तं तसं सांगा, म्हणजे मी आता मांडव काढते."

जोशीबुवानं चारी आंगानं पाह्यलं. तीन वर्सातले जावई, सुना, व्याही सारे मांडवात बसले होते, अन् सारे त्याच्याकडंच पाहून राह्यले होते. घसा खाकरला. म्हणे, "शास्त्राले गाय प्रमाण हाय. गाई आल्या नाहीत, म्हणजे वेळ हाय."

पण जानराव काही जोशीबुवाच्या गावचा नव्हता. तो म्हणे, चल विजयमाला, ऊठ. अन् तवा ती पोरगी, जिनं दोन दिसात शब्द काढला नव्हता, पाटावरून न उठता, मुंडावळ्याही न हालवता म्हणली, "बाबा, पावणेतीनशे कोस आलेल्या माणसाले सात कोसासाठी सोडून जाता काय?"

जानराव होता तिथंच खाली बसला. खिळा ठोकल्यावानी, म्हणलं होतं ना मी?

अन् तेवढ्यात आलं हो! घंट्या वाजल्या, हंबरणं आलं, वेशीत धुळीचा लोट उठला. गाई आल्या, घरच्या ओढीनं पळत, अन् त्या धुळीत, साऱ्या गाईच्या मधात, काळाकुट्ट हेला! डोहातून उठला तो वासराच्या नाही, सोताच्या गव्हाणीच्या ओढीनं असा सुटला होता का जल्मात पहिल्यांदा पळाला. पाठीवर कोणी बसलेलं, आंगभर चिखल, चिखलावर धूळ, डोळे तेवढे पांढरे. एक म्हातारी बोंब ठोकून म्हणे, यमराज आले! अन् सोजरबाई म्हणे, "यमराज नाही, माहा जगदेव. अक्षता धरा!"

आंघोळ नाही, हळद नाही, बाशिंग त्या चिखलावरच बांधलं. अंतरपाट धरला, जोशीबुवानं अशी भराभर मंगलाष्टकं म्हणली का तेही इमानात बसल्यावानी. लागलं लग्न! विजयमालानं हार घालताना नवरदेवाच्या कानामागची शेवाळ हळूच काढली, ती मी पाह्यली, दुसऱ्या कोणी नाही.

आरती झाली, पंगत बसली, अन् मंग कोणाच्या तरी ध्यानात आलं का नवरदेवाचा बाप कुठं हाय? माणूस पाठवला वावरात. उकंडराव आला, खांद्यावर बांबू, बांबूले लुगडं. लेकाले पाह्यलं, खालून वरपर्यंत. म्हणे, "कोणत्या वाटेनं आला रे? मी तं सारा वेळ वरच पाहून राह्यलो होतो."

शनिवारी जगदेव परत निघाला, तं ठेसनापर्यंत बावीसच्या बावीस गाड्या पोचवाले! येताना हेला, जाताना बावीस गाड्या. म्हणूनच म्हणते, आभाळातले पावणेतीनशे कोस सोपे. जमिनीवरले सात कोस सांगा!

आता वावराचं काय झालं ते आइका. मिरीग बरसला, साऱ्याइनं पेरलं. उकंडरावाच्या त्या चार एकरात तिफण शिरे ना, फाळ मोडला. गवतसुद्धा उगवलं नाही. सारं गाव हसलं, ज्याइनं ओंडके ओढले तेही हसले, ज्या बायाइनं सारवलं त्याही हसल्या... मीही हसली, लपवत नाही.

मंग आली ज्वारीची मळणी, अन् नेमका त्याच वक्ताले आला अवकाळी पाऊस. तीन दिस! साऱ्याइचे खळे चिखल झाले, कणसं भिजून मोड याची वेळ. अन् मुलखात एकच जागा कोरडी ठणठणीत... सांगा कोणती? ओंडक्यानं दाबलेली, सारवलेली, पाणी पडलं तसं नाल्यात वाहून गेलं, वरून पाह्यलं तं आरशावानी. चार गावाइची ज्वारी आली तिथं. इंझोरीहून जानराव आला, अन् मानोऱ्याचा तो बिजवरही आला खोकलत! अन् रीत अशी का ज्याचं खळं त्याले राशीमागं एक टोपलं. टोपल्यावर टोपलं, कणग्या भरल्या, बळद भरलं, माळ्यावर जागा राह्यली नाही. तवापासून दर वर्सी तसंच. लढाई सरली, जगदेव घरी आला, विजयमालाच्या मांडीवर नातू खेळाले लागला, अन् खळ्याचं नाव पडलं इमानाचं खळं. कराची आता म्हणे परमुलखात गेली. आभाळातून अंतर तेवढंच, साडेचार घंटे; जमिनीवरच काहीतरी आडवं आलं. असतेच.

उकंडराव भरल्या कणगीवर हात ठेवून म्हणे, पाह्यलं? म्हणलं होतं का नाही, इमानानं घरात लक्ष्मी येईन? सोजरबाई म्हणे, "आली ना. हेल्यावर बसून आली, पण आली."

अन् अजूनही, तुमाले सांगते, दुपारी गुणगुण आइकू आली का तो म्हातारा खळ्यावर जाऊन हात वर करते. सोजरबाई आता हटकत नाही. निमूट एक गाडी जुंपून खळ्यावर पाठवते. म्हणे, थांबलंच एखाद्या दिशी तं? खळ्यापासून घर अर्धा कोस हाय... तेवढ्याले तरी गाडी पायजे का नाही?